जुनी गाडी मिसिंग मारतेय? आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट बदला

पंधरा-वीस वर्षं जुनी पेट्रोल गाडी बाळगणाऱ्याला हा त्रास कधी ना कधी होतोच. सिग्नलला उभं राहिलं की इंजिन थरथरतं, घाटात रेस दिली की गाडी धक्के खाते, ॲव्हरेज पडतं, सायलेन्सरचा एकसुरी आवाज मधूनच तुटतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’. म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण त्याच्या पाळीला पेटत नाही, किंवा अर्धवट पेटतं.

हे मिश्रण पेटायला तीन गोष्टी लागतात: प्लगला (ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगला) वेळेवर आणि पुरेसा करंट, पेट्रोल आणि हवेचं योग्य प्रमाण, आणि सिलिंडरमध्ये पुरेसं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रणावरचा दाब. दोष या तिघांपैकीच कशात तरी असतो. तरीही बहुतेकांचे पैसे जातात ते अंदाजाने पार्ट बदलण्यात. आधी प्लग, मग कॉइल (प्लगसाठी मोठं व्होल्टेज तयार करणारी), मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), आणि शेवटी ‘इंजिनचं काम काढावं लागेल’. म्हणून या लेखातला क्रम सोडू नका. आधी कोणता सिलिंडर मार खातोय ते शोधायचं, मग त्याच सिलिंडरवर स्वस्तातल्या तपासण्या एकेक करून करायच्या.

हे सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. मारुती ८००, झेन, जुनी वॅगन आर, सँट्रो, अगदी पद्मिनीसुद्धा यात बसते. डिझेलला प्लगचा करंटच नसतो, त्यामुळे तिथली तपासणी वेगळी.

जवळ काय हवं

- लांब सॉकेटचा प्लग पाना, आतून रबर असलेला
- फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या)
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- इन्सुलेटेड पक्कड आणि जाड रबरी हातमोजे
- त्याच मापाचा एक जादा, चांगला प्लग
- पाण्याची फवारणीची बाटली, टॉर्च, पेन आणि मास्किंग टेप
- २०१० नंतरची गाडी असेल तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारं यंत्र). मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा साधाही चालतो
- कॉम्प्रेशन गेज, पण हा विकत घेऊ नका. ओळखीच्या मेकॅनिककडून तासाभरासाठी मागून आणा

कागदांपैकी गाडीचं ओनर्स मॅन्युअल, आधीच्या सर्व्हिसची बिलं आणि शेवटची पीयूसीची पावती शोधून ठेवा. प्लग आणि टायमिंग बेल्ट शेवटचे कधी बदलले हे बिलांवरून कळतं. पीयूसीच्या पावतीचा उपयोग पुढे येईल.

काम सुरू करण्याआधी सुरक्षेचं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. प्लगच्या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी चालू इंजिनच्या वायरींपासून लांबच राहावं. पंखा आणि बेल्टजवळ ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी नको.

## १. मिसिंग नेमकी कधी होते ते लिहून काढा

बॉनेट उघडण्याआधी दोन दिवस गाडी चालवताना नीट लक्ष द्या आणि कागदावर नोंद करा. निम्मं निदान इथेच होतं.

फक्त स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना मिसिंग आणि रेस दिली की ठीक, असं असेल तर बहुधा कुठून तरी जादा हवा आत जातेय किंवा टॅपेटचं अंतर (वॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट) बिघडलंय. उलट स्लोवर ठीक, पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस दाबली की धक्के बसत असतील तर प्लग, वायर आणि कॉइलकडे आधी बघा. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. दुबळी कॉइल किंवा चिरलेली वायर तिथे उघडी पडते.

हायवेवर वेग वाढला की गाडी ओढत नसेल तर पेट्रोल कमी पडत असण्याची शक्यता मोठी: फिल्टर चोक झालेला किंवा पंप थकलेला. गाडी गरम झाल्यावरच त्रास होतो आणि अर्धा तास थांबल्यावर जातो, तेव्हा कॉइल किंवा इग्निशन मॉड्यूल (कॉइलला चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग). पाऊस पडला की मिसिंग आणि ऊन पडलं की गाडी शहाण्यासारखी चालते, तर दोष करंटच्या बाजूलाच धरून चाला.

नवख्यांसाठी एक सूचना. मारुती ८०० तीन सिलिंडरची आहे, तिचं स्लो मुळातच चार सिलिंडरच्या गाडीइतकं गुळगुळीत नसतं. थोडी थरथर म्हणजे मिसिंग नव्हे. तीनपैकी एक सिलिंडर खरोखर बंद पडला तर आरशातलं चित्रसुद्धा दिसेनासं होतं, शंका राहत नाही.

डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तपासणी होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळतं आणि तो आतून वितळतो. मग काही शे रुपयांच्या प्लगचा दोष हजारोंच्या घरात जातो. दिवा नुसता लागून राहिला असेल तर थोडी सवड आहे, पण थोडीच.

## २. कोणता सिलिंडर, ते पक्कं करा

सिलिंडर मोजायचे टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूने. त्या टोकाचा पहिला. काहीही काढण्याआधी प्रत्येक वायरवर मास्किंग टेप लावून नंबर टाका. वायरी उलटसुलट बसल्या तर नवी मिसिंग तयार होते आणि मूळ दोष शोधणं अशक्य होतं. मारुती ८००चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ आहे, पद्मिनीसह बहुतेक सरळ चार सिलिंडरवाल्यांचा १-३-४-२.

स्कॅनर चालत असेल तर. भारतात बीएस-४ (प्रदूषणाचे नियम) सोबत एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा आला. त्यानंतरच्या गाड्यांत पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्यात, असं थेट कळतं. पी ०३०० म्हणजे मिसिंग एकाच सिलिंडरपुरती नाही; तेव्हा पेट्रोल, हवा, टायमिंग अशा सगळ्यांना सामाईक गोष्टी बघायच्या. सापळा असा की पी ०३०१ आला की दुकानदार सांगतो, ‘कॉइल गेली.’ कोड फक्त सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही.

स्कॅनर नसेल तर. एकेक सिलिंडर बंद करून बघायचं. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन स्लोवर ठेवा आणि एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा. चांगला सिलिंडर असेल तर इंजिन लगेच बसतं, थरथर वाढते. मार खाणारा सिलिंडर असेल तर काहीच फरक पडत नाही. तोच तुमचा सिलिंडर. फरक कनेक्टर काढल्याच्या पहिल्या क्षणीच ऐका, कारण ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, थोड्या वेळात स्लो सावरून घेतो आणि मग चांगला सिलिंडरसुद्धा बंद वाटत नाही. या प्रयोगात चेक इंजिनचा दिवा लागू शकतो, घाबरू नका.

कार्ब्युरेटरच्या (इंजेक्टर नसलेल्या जुन्या) गाडीत हेच काम प्लगची वायर काढून करतात. पण वायर हवेत लोंबकळत सोडू नका. करंटला जायला वाट मिळाली नाही की तो कॉइलचं इन्सुलेशन फोडतो. इंजिन बंद करून वायर काढा, तिच्यात जादा प्लग बसवा, प्लगचं धातूचं अंग इंजिनला पक्कं टेकवा आणि मग स्टार्ट करा. दर वेळी काही सेकंदच चालवा.

हेही जमत नसेल तर थंड इंजिन सुरू करून मिनिटभराने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळीवर पाण्याचे दोन थेंब टाका. जिथे थेंब उशिरा सुकतो तो सिलिंडर नीट पेटत नाही. हात लावून बघू नका, भाजेल.

## ३. प्लग काढा आणि वाचा

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढा, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे प्लगबरोबर निघून येऊ शकतात. काढण्याआधी प्लगभोवतीची धूळ फुंकून साफ करा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. सगळे प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडा.

बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग म्हणजे तब्येत चांगली. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी दुबळी आहे. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर त्या सिलिंडरला पेट्रोल मिळतंय पण ठिणगी पडत नाहीये. चिकट, तेलकट काळा प्लग म्हणजे रिंग किंवा वॉल्व्ह सीलमधून ऑइल येतंय. पांढराफटक, फोड आलेला असेल तर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे किंवा सिलिंडर जास्त तापतोय. आणि बाकीचे सगळे तपकिरी असताना एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर कूलंट कमी होतंय का ते लगेच बघा. हेड गॅस्केटमधून पाणी आत येत असल्याची ती खूण असते.

वरच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली तर करंट प्लगच्या बाहेरून उडी मारून इंजिनला जातोय. तो प्लग आणि त्यावरची रबरी टोपी दोन्ही एकदम बदला. एकच बदललं तर जुना नव्याला खराब करतो. धातूच्या कडेजवळ तपकिरी वळं दिसलं तर मात्र सोडून द्या, तो निरुपद्रवी डाग असतो.

ज्या इंजिनांत प्लग वॉल्व्ह कव्हरच्या मधल्या खोल नळीत बसतात, तिथे नळीत ऑइल साचलंय का तेही बघा. नळीचं सील गळून ऑइल टोपीत शिरतं आणि करंट फुटतो. अशा वेळी सील न बदलता नुसता प्लग बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

नवा प्लग बसवताना गॅप फिलर गेजने तपासा. डिस्ट्रिब्युटरच्या (करंट पाळीपाळीने प्लगना वाटणाऱ्या भागाच्या) जुन्या गाड्यांत तो साधारण ०.८ मिमी आणि इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत १.० ते १.१ मिमी असतो, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. पहिले आटे हातानेच बसवा. हात पोचत नसेल तर प्लगच्या शेंड्याला रबरी नळीचा तुकडा अडकवून फिरवा. आटा चुकला तर रबर घसरतं, हेड वाचतं. वॉशर टेकल्यावर पान्याने नव्या प्लगला अर्धा फेरा पुरे.

प्लग घेताना डुप्लिकेट मालापासून सावध राहा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड, सगळीकडे अस्सल माल मिळतो आणि नकलीही मिळतो. खोक्यावरची छपाई पुसट असेल, आटे खरखरीत असतील किंवा किंमत अर्ध्यावर असेल तर घेऊ नका. पक्कं बिल मागा.

## ४. करंटची वाट: वायर, कॉइल, डिस्ट्रिब्युटर

महाराष्ट्राच्या पावसाळ्यात जुन्या गाड्यांच्या मिसिंगचा सगळ्यात मोठा वाटेकरी हा आहे, म्हणून इथे वेळ द्या. माझ्या चार सिलिंडरच्या जुन्या हॅचबॅकचे गॅरेजमध्ये प्लग बदलून झाले, इंजेक्टर साफ करून झाले, ईसीएमवर संशय घेऊन झाला. दोष निघाला प्लग वायरच्या रबरी टोपीतल्या चिरेत, जी टोपी दाबून वाकवल्याशिवाय दिसतही नव्हती. ती दिसली फक्त अंधारात.

ती तपासणी अशी. रात्री, दिवे बंद करून, इंजिन स्लोवर ठेवून बॉनेट उघडा. फवारणीच्या बाटलीने वायरी, टोप्या आणि कॉइलभोवती पाण्याचं बारीक धुकं मारा. कुठे करंट फुटत असेल तिथे निळ्या ठिणग्या दिसतात आणि चट्‌चट्‌ आवाज येतो. पाणी फवारताच मिसिंग वाढली तरी दोष इथेच आहे असं समजा. पाण्याची धार मारू नका, धुकंच हवं, आणि चालू इंजिनच्या वायरीला हात लावू नका.

मग इंजिन बंद करून प्रत्येक वायरचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर बघा. लांब वायरचा जास्त, आखूड वायरचा कमी, हे साहजिक आहे. एखादी वायर बाकीच्यांपेक्षा फार वेगळी दिसत असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल तर ती आतून तुटली आहे. मोजताना वायर हलवून बघा, काही वायरी वाकवल्यावरच तुटतात. बदलताना पूर्ण सेट बदला. एक वायर गेली की बाकीच्या मागोमाग असतातच. आणि प्लगवरून काढताना वायर कधीही ओढू नका, टोपी धरून पिळून काढा.

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे मेकॅनिकच्या तोंडचा ‘डेल्को’, असेल तर त्याची टोपी उघडा. आत ओल असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. टर्मिनलांच्या मध्ये केसासारख्या काळ्या रेघा दिसल्या तर टोपी घासत बसू नका, ती गेली. मधला कार्बन जागेवर आहे ना आणि रोटरचं टोक खाल्लेलं नाही ना, तेही बघा. पॉइंटच्या (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या संपर्काच्या) गाड्यांत पॉइंटवर खड्डे पडले असतील तर पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला आणि गॅप मॅन्युअलप्रमाणे लावा. पॉलिश पेपर मारून गाडी घरापर्यंत येते, पण तो कायमचा इलाज नव्हे.

कॉइलवर संशय असेल तर सगळ्यात भरवशाची तपासणी अदलाबदलीची. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर मार खाणाऱ्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याला लावा. मिसिंग कॉइलबरोबर सरकली तर कॉइल खराब, जागेवरच राहिली तर कॉइल निर्दोष. हीच पद्धत प्लगला आणि इंजेक्टरलाही लागू आहे, मात्र एका वेळी एकच वस्तू हलवायची. चार सिलिंडरच्या काही गाड्यांत दोन कॉइल असतात, एक पहिल्या-चौथ्याला आणि दुसरी दुसऱ्या-तिसऱ्याला करंट देते. अशा गाडीत एकाच जोडीतले दोन्ही सिलिंडर एकत्र मार खात असतील तर आधी त्यांची सामाईक कॉइल बघा. थंड कॉइल मीटरवर बरोबर दिसून गरम झाल्यावर दगा देऊ शकते, म्हणून मीटरच्या एका आकड्यावर तिला निर्दोष ठरवू नका.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन आणि बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी काढून साफ करा, तिथला गंज कोणी बघत नाही. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पावसाळ्यात हमखास सापडतात. त्या नुसत्या पिळून टेप गुंडाळून सोडू नका. सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा.

## ५. पेट्रोल आणि हवा

करंट ठीक असेल तरच इकडे या. व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या जुन्या गाडीत कडक होऊन चिरतात. इंजिन स्लोवर ठेवून फुस्‌ असा आवाज कुठून येतो ते ऐका आणि एकेक नळी पकडीने अलगद दाबून बघा. दाबल्यावर स्लो सुधारलं तर त्या नळीच्या पुढे गळती आहे. ब्रेक बूस्टरला जाणारी जाड नळी विसरू नका. गळती शोधायला कार्ब्युरेटर क्लीनर फवारणारे पुष्कळ आहेत. गरम एक्झॉस्टवर तो पेट घेतो, तुम्ही ते करू नका.

इंजेक्टर चालतोय का हे बघायला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवून मूठ कानाला लावा. टिकटिक यायला हवी. येत नसेल तर आधी कनेक्टर आणि वायर तपासा, इंजेक्टर नंतर. कार्ब्युरेटरचे जेट तुंबले असतील तर हवेच्या प्रेशरने साफ करा. तार घालून भोक मोठं झालं की तो जेट वाया जातो.

गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर पेट्रोलचा थोडा नमुना पारदर्शक बाटलीत घेऊन तासभर स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात. अशा वेळी टाकी रिकामी करून फिल्टर बदलावा लागतो. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते, म्हणून पाइप फुगलेला, चिकट किंवा चिरलेला दिसला तर मिसिंगचा विचार बाजूला ठेवून तो पहिल्यांदा बदला. तिथून आग लागते.

इथे पीयूसीची पावती कामाला येते. एचसीचा (न जळलेल्या इंधनाचा) आकडा वाढलेला आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइड) कमी असेल तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग किंवा पातळ मिश्रण. दोन्ही वाढलेले असतील तर पेट्रोलच जास्त जातंय. बीएस-२ आणि बीएस-३च्या पेट्रोल गाड्यांना सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएमची मर्यादा आहे. मिसिंग असलेली गाडी सहसा एचसीवरच नापास होते.

## ६. सीएनजी किट असेल तर

तुमच्याकडे एक फुकटची तपासणी आहे: स्विच पेट्रोलवर टाका. मिसिंग गेली तर दोष गॅसच्या बाजूला किंवा दुबळ्या ठिणगीत आहे. गॅसचं मिश्रण पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून थकलेला प्लग पेट्रोलवर निभावतो आणि गॅसवर उघडा पडतो. प्लग आणि वायर नव्या असूनही त्रास असेल तर गॅसचा फिल्टर आणि रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) बघायला लावा. दोन्ही इंधनांवर स्लोला मिसिंग होत असेल तर टॅपेट तपासा. गॅसवर वॉल्व्हची सीट लवकर झिजते, अंतर कमी होत जातं आणि वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

गॅसच्या टाकीत सुमारे २०० बारचा दाब असतो. त्या लाइनचा एकही नट स्वतः खोलू नका.

## ७. शेवटी कॉम्प्रेशन

इथवर काही सापडलं नाही, किंवा प्लग तेलकट निघाला, तरच कॉम्प्रेशन बघा. बॅटरी चार्ज असू द्या, सगळे प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सोबत्याला बसवा आणि प्रत्येक सिलिंडरवर सारखेच पाच-सहा स्ट्रोक फिरवा. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत म्हणजे दोष आत आहे.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग झिजल्यात, जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलेलं असतं. सगळेच कमी असतील तर टायमिंग बेल्टचा दात सरकला आहे का ते आधी बघा. टॅपेटचं अंतर न तपासता कोणी थेट इंजिन खोलायला सांगत असेल तर गाडी तिथे सोडू नका.

## ८. गॅरेजमध्ये काय सांगायचं

‘गाडी मिसिंग मारते, बघा जरा’ असं म्हणू नका. असं सांगा: ‘दुसरा सिलिंडर मार खातोय, चढावर जास्त होतं. प्लग आणि वायर बदलून पाहिली, मिसिंग त्याच सिलिंडरवर राहिली. आता कॉम्प्रेशन मोजून आकडे लिहून द्या.’ काढलेले पार्ट परत मागा, बिलावर पार्टचा नंबर लिहून घ्या.

दुरुस्ती झाली की कोड पुसून गाडी त्याच परिस्थितीत चालवा जिथे मिसिंग व्हायची: घाटात व्हायची तर घाटात, पावसात व्हायची तर वायरींवर पुन्हा पाण्याचं धुकं मारून. साधारण ५०० किलोमीटरनंतर त्या सिलिंडरचा प्लग परत काढून बाकीच्यांच्या रंगाशी ताडून बघा, आणि त्यानंतरच पीयूसीला जा.